परग्रहावरील पाहुण्याचें पान

परग्रहवासी रंगवितांना आमचे विज्ञानकथालेखक त्यांचे डोळे, हातपाय व यानें यांवर पुष्कळ शाई खर्च करितात. जीभ व नाक यांची आठवण मात्र क्वचितच ठेवितात. आमच्या मतें ही मोठीच उणीव होय. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मधील मंगळवासीयांस पचनेंद्रियेंच नाहींत. ते इतर प्राण्यांचें रक्त थेट आपल्या शिरांत घेतात. त्यांचें क्रौर्य आहारांतून उद्भवतें, म्हणूनच तें पटतें.

वस्तुतः भिन्नतेचा दाखला पृथ्वीवरच आहे. गुहागरास सुकत घातलेल्या मासळीच्या वासानें एका घरास भूक लागते, तर दुसऱ्या घरचीं माणसें नाक झांकतात. मांजरास तर गोडी कळतच नाहीं. कार्व्होन या द्रव्याचे रेणू दोन प्रकारचे, बिंब-प्रतिबिंबासारखे. एकास पुदिन्याचा वास, दुसऱ्यास बाळंतशेपेचा! आमचीं प्रथिनें डाव्या घडणीच्या अमायनो आम्लांचीं असतात. ज्याचें शरीर उजव्या घडणीचें, असा पाहुणा आमच्या भरल्या पानावरून उपाशी उठेल. यजमानाची माया आणि पाहुण्याची उपासमार, यांत कादंबरीचें बीज आहे. यंत्रांचीं वर्णनें थोडीं आवरून लेखकांनीं हें पान एकदां मांडून पाहावें, अशी आमची सूचना आहे.