'समाजस्वास्थ्या'चा प्रश्नकर्ता

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याविषयी लिहू लागले की आमच्या टीकाकारांस दोनच रस सुचतात, वीर आणि करुण. १९२१ साली, म्हणजे मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला त्याच वर्षी, या गणिताच्या प्राध्यापकाने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकर वकील असूनही दंड भरावा लागला. हे सारे खरेच आहे, आणि रंगभूमीस व चित्रपटास ते उपयोगीही पडले आहे. परंतु या गौरवाच्या गर्दीत कर्व्यांचे लेखन वाचावयाचे राहून जाते.

ते हाती घेतले की प्रथम जाणवते ती त्याची रुक्षता. अमुक साधन असे असते, ते असे वापरावे, तमुक समजूत खोटी. फळ्यावर प्रमेय मांडावे तशी ही भाषा. आगरकरांचे गद्य वाचकास पेटविते. कर्व्यांचे गद्य त्याला उद्या सकाळी नेमके काय करावयाचे ते सांगते. विवाहित माणसाने लाजत, दार लावून वाचावयाच्या मजकुरास हीच भाषा योग्य होती, असे आमचे मत आहे. ब्रह्मचर्याचा उपदेश करणाऱ्यांचा समाचार घेताना मात्र त्यांचा तोल जातो, आणि त्या कुत्सितपणाने काठावरचे कित्येक वाचक दुरावले असतील.

जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत निघालेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा खरा जीव वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे. डॉक्टरापाशी बोलावयाची सोय नाही, वडिलांपाशी तर नाहीच, अशी माणसे तेथे विचारतात आणि त्यांना उपदेशाऐवजी उत्तर मिळते. परंतु हे विचारणारे बहुतांशी सुशिक्षित पुरुष आहेत. स्त्रीच्या सुखाचा व हक्काचा कैवार कर्व्यांनी त्या काळात दुसऱ्या कोणीही घेतला नसेल इतका घेतला. तरी जिच्या देहाची चर्चा चालली आहे तिचे पत्र क्वचितच येते. ज्या घरात टपाल आधी थोरल्यांच्या हाती पडे, तेथून ते यावे तरी कसे?

ही उणीव त्या मासिकाबरोबर संपली असती तर आम्ही ती इतकी ताणली नसती. आज अंधेरी-बोरिवलीस काय किंवा घाटकोपर-मुलुंडास काय, साधनांचा तुटवडा नाही. निरोध, गोळ्या, तांबी, 'अंतरा'चे इंजेक्शन ही सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. नाक्यानाक्यावर औषधाचे दुकान आहे, जरी दुकानदार ते पाकीट अजून वर्तमानपत्रात गुंडाळूनच देतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली आढळली. जिच्या पतीने ती करून घेतली अशा शेकडा अवघ्या ०.३. कर्व्यांनी स्वतःवर ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांचे चरित्रकार ही गोष्ट एका वाक्यात उरकतात; आम्हांस ती त्यांच्या खटल्यांहून मोठी वाटते.

१९७१ च्या कायद्यान्वये सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास केवळ तिचीच संमती लागते. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढविण्यात आली, आणि चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीतून अविवाहितेस वगळता येणार नाही, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरीही आमच्या परिचयातील एका विवाहितेस उपनगरातील एका रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: "मिस्टर आले आहेत का सहीला?" कायदा तिला ठाऊक होता. ती निमूटपणे घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आली.