हिरव्या टेकडीच्या मागे

जुनी विंडोज एक्सपी लॅपटॉपच्या आत चालवायची आणि तिचा स्क्रीनशॉट मिरवायचा, हा हल्ली एक छंदच झाला आहे. मागच्या पावसाळ्यात मलाही तो लागला. व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेतलं, घरात पडलेल्या जुन्या सीडीवरून एक्सपी चढवली आणि इंटरनेटची जोडणी मुद्दाम बंद ठेवली. एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, तिला बाहेर मोकळं सोडणं बरं नव्हे.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा, मानलेला संगणक. आपल्या रॅममधला थोडा वाटा ही त्याची रॅम, आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल ही त्याची हार्ड डिस्क आणि आपल्या पडद्यावरची एक चौकट हा त्याचा मॉनिटर. आतल्या सिस्टिमला यातलं काहीच कळत नाही, ती खऱ्या यंत्रावर असल्यासारखी वागते. सुरुवातीला चित्र आखडलेलं आणि मोजक्या रंगांचं दिसतं. मग गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाची पुरवणी चढवली की आतल्या सिस्टिमला पडद्याचा नीट ड्रायव्हर मिळतो आणि चौकट ओढावी तशी मोठी होते.

आणि मग ती टेकडी दिसते. हिरवं गवत, निळं आभाळ, विरळ ढग. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात, रस्त्याच्या कडेनं हा फोटो काढला. तेव्हा तो साध्या फिल्मवर होता. पुढे मायक्रोसॉफ्टनं तो विकत घेतला, त्याला ‘ब्लिस’ म्हणजे परमानंद असं नाव दिलं आणि २००१ साली एक्सपीबरोबर तो जगभर गेला. खाली निळी पट्टी, कोपऱ्यात हिरवं स्टार्ट बटण. या रूपाचं नाव ‘लूना’. निळा, ऑलिव्ह हिरवा आणि चंदेरी असे त्याचे तीन रंग मिळत. तेव्हा जाणकारांनी त्याला लहान मुलांच्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखं म्हणून नावं ठेवली होती. आज तेच रूप बघून लोक हळवे होतात.

मीही झाले. स्क्रीनशॉट घेतला आणि इतरांच्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवून पाहिला. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. माझा, ब्राझीलमधल्या कुणाचा, पोलंडमधल्या कुणाचा, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, ही आठवण नक्की कुणाची आहे? कारण आमच्या घरी ही टेकडी कधी नव्हतीच.

*

बाबांचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, पतसंस्थांचे अहवाल. २००४ साली त्यांनी एक्सपीचा संगणक घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं रूप पार पालटून टाकलं. लूना काढून जुनी करडी ‘क्लासिक’ खिडकी आणली. पांढऱ्या खिडक्या मातकट पिवळ्या केल्या. स्क्रोलबार बोटभर रुंद केला. टेकडी घालवून नुसता काळपट हिरवा रंग ठेवला. आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्यांच्या डेस्कटॉपवरची फोल्डरांची नावं मराठीत दिसायची. मला वाटायचं, बाबांनी मराठी विंडोज आणलं आहे.

मला त्या संगणकाची लाज वाटायची. मैत्रिणीकडे निळी पट्टी होती, टेकडी होती, माउसचा बाण नाचायचा. आमच्याकडे सरकारी कचेरीसारखा करडा रंग. एका रविवारी बाबा बाहेर गेलेले असताना मी डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडून ‘विंडोज एक्सपी’ थीम निवडली आणि ओके दाबलं. एका क्लिकमध्ये सगळं चकचकीत झालं.

त्या क्लिकनं बाबांनी एकेक करून लावलेले रंग, मापं, फॉन्ट सगळं पुसलं गेलं. संध्याकाळी ते आले, पडद्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खुर्चीत बसले. अपिअरन्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग एकेक घटक निवडायचा, रंग द्यायचा, माप द्यायचं. तासभर तरी लागला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पत्रिकेची प्रत द्यायची होती. मी दारात उभी होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

*

व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘आपली’ एक्सपी उभी करायची असं ठरवल्यावर मी गावाहून बाबांच्या बॅकअपची सीडी मागवली. तिच्यावर मार्करनं २००६ लिहिलं होतं. लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नाही म्हणून एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला, सीडीची आयएसओ फाइल केली आणि ती आतल्या मानलेल्या सीडी ड्राइव्हमध्ये घातली.

फोल्डर उघडले तर नावांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. मधेच मोठं अक्षर, मधेच टिंब, मधेच आकडा. सीडी खराब झाली असं वाटून मी ती बाजूला ठेवणार होते. तेवढ्यात एक नाव वाचता आलं. ‘काम’, साध्या इंग्रजी स्पेलिंगात. ती थीमची फाइल होती.

एक्सपीत आपण केलेली सजावट ‘सेव्ह अ‍ॅज’ करून ठेवता यायची. ती एक साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. मी उघडली. तारीख पाहिली. माझ्या त्या रविवारचीच. सगळं पुन्हा लावून झाल्यावर बाबांनी ते जपून ठेवलं होतं, पुन्हा कुणी घालवलं तर असावं म्हणून. म्हणजे ही फाइल जन्माला आली ती माझ्यामुळे.

आत ओळीमागून ओळी. ‘विंडो’ या शब्दापुढे २४० २३२ २०५. लाल, हिरवा आणि निळा यांचं हे प्रमाण, प्रत्येकी शून्य ते २५५. निळा सगळ्यांत कमी, म्हणून तो मातकट पिवळा. पुढे आकड्यांची लांबच लांब माळ, तिच्यात स्क्रोलबारची रुंदी २६. आणि त्याच्याच जवळ आयकॉनखालच्या अक्षरांची माहिती. तिथे फॉन्टचं नावसुद्धा आकड्यांतच लिहिलेलं असतं, एका अक्षराला एक आकडा. मूळ एक्सपीत तिथे ८४ ९७ १०४ १११ १०९ ९७ सापडतं. उलगडलं की होतं ‘टाहोमा’. बाबांच्या फाइलमध्ये ८३ १०४ १०५ ११८ ९७ १०६ १०५ होतं आणि शेवटी ४८ ४९. मी कागदावर एकेक अक्षर मांडत गेले. शि, वा, जी, शून्य, एक.

शिवाजी ०१. युनिकोडच्या आधीच्या काळातला मराठी फॉन्ट. हे जुने फॉन्ट म्हणजे एक युक्तीच होती. संगणकाच्या लेखी तुम्ही रोमन अक्षरंच टाइप करता, फक्त फॉन्ट त्या जागी देवनागरीचे आकार काढतो. बाबांनी आयकॉनचा फॉन्टच बदलला होता. त्यामुळे त्यांनी बोटांच्या सवयीनं टाइप केलेली नावं पडद्यावर मराठीत उमटायची. सीडीवर जी खिचडी वाटली, ती नावं धडधाकट होती. मशीनकडे चष्मा नव्हता इतकंच.

सीडीवर पन्नासेक फॉन्ट होते. त्यांतून हा शोधला, आतल्या एक्सपीत बसवला आणि ‘काम’वर दोनदा क्लिक केलं. टेकडी गेली. करड्या खिडक्या आल्या, स्क्रोलबार फुगला आणि फोल्डरांच्या खाली एकेक करून नावं आली. लग्नपत्रिका. अहवाल. उधारी. दशक्रिया. आणि ‘माय कॉम्प्युटर’च्या खाली मात्र, तेव्हासारखंच, कुठल्याच भाषेत न वाचता येणारी देवनागरी.

*

बाबांच्या त्या युक्तीचे तोटे होते. विंडोजची स्वतःची इंग्रजी नावं अशी विटाळायची, ती चित्रावरून ओळखायची. फाइलच्या नावात तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारा अशी नऊ चिन्हं चालत नाहीत, मग त्या कळांवर बसलेली अक्षरं नावात वापरायची सोय नाही. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही, या फॉन्टमध्ये मात्र ती दोन निरनिराळी मराठी अक्षरं.

शिवाय एक्सपीला खरी मराठी येत होती. रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, सीडी घालायची, की युनिकोड देवनागरी चालू. तिच्यासाठीचा ‘मंगल’ हा फॉन्ट तर र. कृ. जोशींनी घडवलेला, मराठीतल्या कवीनं आणि सुलेखनकारानं. पण बाबांची सगळी कामं जुन्या फॉन्टमध्ये होती आणि बोटं त्याच कळांना सरावलेली. त्यांनी आपली सोय जुन्यातूनच काढली. सुंदर दिसावं म्हणून यातलं काहीच केलेलं नव्हतं. रुंद स्क्रोलबार होता तो बॉलच्या माउसला मळ धरून बाण उड्या मारायचा म्हणून. मातकट पिवळा होता तो काचेच्या जड मॉनिटरवरचा पांढरा रंग दिवसभर डोळ्यांत घुसायचा म्हणून. त्या मॉनिटरांची लकाकी उजळ रंगावर जास्त जाणवायची.

संगणकाच्या रूपाबद्दल लिहिताना आपण नेहमी अभिरुचीचीच भाषा वापरतो. विंडोज ३.१ मध्ये ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची भडक लाल-पिवळी रंगसंगती होती, तिच्यावर अजून विनोद होतात. चांगलं दिसतं का वाईट, एवढाच प्रश्न. पण डेस्कटॉप सजवणं ही सजावट असतेच असं नाही. कधी ती चष्म्याचा नंबर असते, कधी खुर्चीखाली ठेवलेली वीट.

म्हणून मला व्हर्च्युअल मशीनमधल्या या एक्सपी-प्रेमाबद्दल तक्रार आहे. हे प्रेम कारखान्यातून निघालेल्या मालाचं आहे. लोकांनी वापरलेली एक्सपी वेगळी होती. कुणाची देवाच्या फोटोची, कुणाची क्रिकेटपटूची, कुणाची आयकॉनांनी गच्च भरलेली, कुणाची आमच्यासारखी करडी. १९९७ मध्ये रशियन कलाकार अलेक्सेई शुल्गिन यांनी लोकांकडून त्यांच्या डेस्कटॉपची चित्रं मागवून ती मांडली होती. त्या प्रकल्पात डेस्कटॉपमागचा माणूस बघायचा होता. आजच्या स्क्रीनशॉटांत माणूस नाही, नुसती कंपनी आहे. खुद्द ती टेकडीसुद्धा तशी राहिलेली नाही. गोल्डिन आणि सेनेबी या कलाकारांच्या जोडीनं काही वर्षांनी त्याच जागी जाऊन फोटो काढला, तर तिथे द्राक्षांचे वेल लागलेले. जमीन बदलली, वॉलपेपर तसाच.

माझ्याही प्रयोगाबद्दल खोटं बोलायला नको. आकडे तेच लावले तरी रंग तोच येत नाही. २४० २३२ २०५ हे काचेच्या मॉनिटरवर मऊ दिसायचं, माझ्या लॅपटॉपवर ते जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसतं. आतली एक्सपी मला पडद्याचा रिफ्रेश दर विचारते, पण तिला मॉनिटरच नाही. शिवाय इथे सगळं सुखरूप आहे. बदलाआधी मी स्नॅपशॉट घेतला होता, काही बिघडलं तर एका क्लिकवर मागे. त्या रविवारी बाबांना तशी सोय नव्हती, म्हणून तर ती फाइल झाली.

*

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना दाखवलं. दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाण सरळ स्क्रोलबारवर नेला, धरला, वरखाली केला.

“अजून तेवढाच आहे,” म्हणाले.

मी त्या रविवारचं बोलले. त्यांना आठवत नव्हतं. किंवा आठवत नाही असं म्हणाले. मग खिशातला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “यात असं होईल का? अक्षरामागचा पांढरा जरा मातकट?”

मी सेटिंग उघडलं. अक्षर मोठं करता येतं, ते केलं. डार्क मोड आहे, तो त्यांना नको, काळ्यावर पांढरी अक्षरं पसरतात म्हणाले. पिवळसर छटेचा वाचनाचा मोड आहे, पण तो सगळ्या पडद्यावरच पिवळा थर देतो. नातवाचा फोटोसुद्धा कावीळ झाल्यासारखा. फक्त कागदाचा रंग बदला, बाकी राहू द्या, असं सांगायची जागा मला त्या फोनमध्ये सापडली नाही. मोठ्या संगणकांवरही ती आटली आहे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते क्लासिक रूप गेलं आणि एकेका घटकाला रंग-माप देण्याची ती खिडकीही गेली. हाय कॉन्ट्रास्टच्या थीममध्ये थोडे रंग निवडता येतात, तेवढंच उरलं.

तुमच्या फोनवर आत्ता कुठला वॉलपेपर आहे मला माहीत नाही. तो तुम्ही निवडलेला असेल, छान असेल. पण हा लेख ज्या पांढऱ्यावर किंवा काळ्यावर तुम्ही वाचताय, तो रंग तुम्हाला विचारून ठरला होता का?

बाबांना मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला आणि लॅपटॉपवरचं ‘उधारी’ फोल्डर उघडलं.