वेंडीचे नाव

दिवाळीत फराळाभोवती जमलेल्या मुलांना मी पीटर पॅनची गोष्ट सांगतो, तेव्हा माझे मन वेंडीपाशी रेंगाळते. हे नाव जेम्स बॅरीला एका बोबड्या बोलातून मिळाले. कवी हेन्लीची चिमुरडी मार्गारेट त्याला ‘फ्रेंडी’ म्हणू पाही. ‘र’ काही जिभेवर येईना, मग होई ‘फ्वेंडी’! १८९४ साली, अवघ्या पाचव्या वर्षी, ती वारली. नाटक रंगभूमीवर आले ते १९०४ मध्ये. पीटरचे कधीही मोठे न होणे सर्वांच्या लक्षात राहते. पण बॅरीची खरी माया मला वेंडीच्या वाढण्यात दिसते. मार्गारेटला जे लाभले नाही, ते त्याने तिच्या शब्दाला दिले. १९११ च्या कादंबरीत वेंडी घरी परतते, मोठी होते, लग्न करते. तिला जेन नावाची लेक होते.