एक बोट, चार तारा

आमच्याकडे बेस गिटारी तीन आणि वाजवणारा मी एक, तोही रविवारचा. एक विकायची, पदरचे घालून दुसरी आणायची, की आता हात बसणारच! महिन्याभरात पाहावं तर नवीची मान वाकलेली. पावसाळी हवेत लाकूड रुसतं. मग मानेतली पोलादी सळी पाव फेरा पिळायची. गिटारीची मान बघता बघता माझी धरते.

अशाच एका रविवारी मार्व्हिन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं पुन्हा ऐकलं. बेस जेम्स जेमरसनचा. वर गाणारा लढाईचं दुःख सांगतोय आणि खाली हा त्याला हुंकार देतोय. स्वर भरपूर, पण गाणाऱ्याच्या पायात एकही येत नाही. डग्गा थांबला तर मैफल पोरकी व्हावी, तशी याच्यावाचून त्या गाण्याची गत होईल. साधी फेंडर प्रिसिजन, उजव्या हाताची एकटी तर्जनी, आणि तुटल्याशिवाय तार बदलायची नाही हा नेम! मोटाउनच्या गाण्यांत हा माणूस वर्षानुवर्षं वाजला, पण बिननावाचा. नाव छापलं गेलं ते १९७१मध्ये, याच तबकडीच्या वेष्टनावर.

या वादनाबद्दल माझी तक्रार एकच : ते ऐकल्यावर दुकानात जायला निमित्त उरत नाही. दोन गिटारी विकायला काढल्यात. तिसरीच्या तारा मुद्दाम मळू देतोय. हात अजून बसलेला नाही. पण आता दोष द्यायला गिटारच शिल्लक नाही, ही खरी पंचाईत!