हळद जिंकली, पण काय जिंकली?

आपल्या मंडळींच्या पॉटलकला गुडघेदुखीचा विषय निघाला की कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल सुचवतेच. शंका काढली तर उत्तर तयार असते : "अहो, अमेरिकेचं पेटंट रद्द करायला लावलं ना आपण!" हे उत्तर मीही अभिमानाने दिले आहे. म्हणूनच ते तपासून पाहावेसे वाटले.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे व लेखांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. विजय खराच. पण सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपयोग नवा नाही. तो किती गुणकारी आहे, हा त्या वादाचा मुद्दाच नव्हता.

मग विज्ञान काय म्हणते? हळदीतील करक्युमिनवर हजारो शोधनिबंध आहेत. परंतु 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'तील २०१७ चा आढावा सांगतो, की ते शरीरात फारसे शोषले जात नाही. शिवाय परीक्षानळीत ते स्वतःच चमकते, प्रथिनांना चिकटते आणि चाचणीलाच फसवते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे : प्रोग्रॅम कसाही असो, टेस्ट आपली 'पास' म्हणते! माणसांवरील १२०हून अधिक चाचण्यांनंतरही एकही डबल-ब्लाइंड, प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. पुढे २०२३ मध्ये थायलंडमधील एका चाचणीत अपचनावर करक्युमिन ओमेप्राझोलच्या तोडीचे दिसले. मात्र तीत केवळ प्लासिबो घेणारा गट नव्हता. म्हणजे आशेला जागा आहे, खात्रीला नाही.

"उपयोग नसला तरी अपाय काय?" इथेच खरी गफलत होते. शोषण वाढावे म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीतील पायपेरीन घालतात. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात त्याने करक्युमिनची रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली होती. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीशी निगडित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. लाखो लोक घेतात त्या मानाने हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. आणि १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरक गोळ्या विकण्यापूर्वी त्यांचा गुण एफडीएपुढे सिद्ध करावा लागत नाही.

वरणातली चिमूटभर हळद आणि अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव दुसरीच्या खाती जमा करता येत नाही. इथे आलेल्या आई-वडिलांच्या हाती आपण बाटली देतो आणि "हळदच तर आहे" म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. निदान तेवढे तरी सांगू या.