'माझी जन्मठेप' : एक पुनर्वाचन

जेथे बाहेरच्यास डोकावता येत नाही आणि आतल्यास बोलता येत नाही, अशा मुलखातून परत आलेल्या मनुष्याच्या आठवणी हाती पडल्या की वाचक प्रथम छळाच्या कथा धुंडाळतो. 'माझी जन्मठेप' (१९२७) हा सावरकरांचा ग्रंथही असाच वाचला गेला. कोलू आणि रोजचे ३० पौंड तेल, एवढेच बहुतेकांच्या ध्यानात राहिले.

आमच्या मते ग्रंथाचा खरा ऐवज निराळा आहे. अंदमान हे एक छोटेखानी राज्यच होते. मूठभर गोरे अंमलदार ते चालवीत, पण कैद्यांमधूनच उचललेल्या वॉर्डर, टिंडेल आणि पेटी ऑफिसर यांच्या जोरावर. काल ज्याच्या पाठीवर दंडा बसला, तोच आज दुसऱ्यावर दंडा उगारतो. का, तर त्याखेरीज त्याला स्वतःच्या कष्टातून सुटका नाही. भीती वरून खाली कशी झिरपत जाते, याचे इतके बारीक निरीक्षण मराठीत क्वचितच आढळेल. सेल्युलर जेलचे सात पाखे असे बांधले होते की एका कोठडीतील माणसास दुसऱ्या कोठडीतील माणसाचे तोंड दिसू नये. तरीही चहाडी मात्र सर्वत्र पोहोचत असे!

वक्तृत्व सावरकरांची पाठ सोडीत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याच तुरुंगात राहिलेले उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय आपल्या बंगाली आत्मकथेत स्वतःलाच हसतात. सावरकर हसतात ते बहुधा बारीसाहेबास.

आणि ते अर्ज! अलीकडे हा ग्रंथ वाचण्यापेक्षा त्यातून साक्षीपुरावे काढण्याचीच चाल पडली आहे. सुटकेच्या अर्जांची गोष्ट ग्रंथकाराने झाकलेली नाही, तिचे समर्थनच केले आहे. मात्र १९१३ च्या अर्जाची नरम भाषा आणि ग्रंथातील ताठ सूर यांत अंतर आहे, आणि भक्तांनी ते नाकारू नये. उलटपक्षी, हे एखादे गुपित आज उघडकीस आले असे मानणाऱ्यांनी आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आठवावेत. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सावरकर बंधूंच्या अर्जांविषयी उघड प्रश्न विचारला होता.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९२४ ची सुटका सशर्त होती : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही, राजकारणात पडावयाचे नाही. कैदेची ही हकीकत लिहिणारा स्वतः अद्याप हद्दीतच कोंडलेला होता. ग्रंथात जे आले नाही, त्याचा जाब लेखकाला विचारण्यापूर्वी त्या अटी वाचाव्यात. इतकेही सरकारला सोसले नाही. पुढे त्याने ग्रंथावर बंदी घातलीच.