साथीदार डडली मूर

डडली मूर या माणसाची ओळख करून देताना पंचाईत होते. पियानोवादक म्हणावं, विनोदी नट म्हणावं, संगीतकार म्हणावं की हॉलिवूडचा नायक? अशा वेळी आपण 'अष्टपैलू' म्हणतो आणि मोकळे होतो. पण या शब्दात एक छुपी तक्रार असते: गडी एका जागी टिकला नाही. मूरच्या बाबतीत तर ती उघडच झाली. एवढा गुणी माणूस, हॉलिवूडला जाऊन वाया गेला म्हणे! मला हे पटत नाही. माझ्या मते त्याने सगळीकडे एकच काम केलं, ते म्हणजे साथ.

जन्म १९३५चा, बालपण लंडनलगतच्या डॅगनममधलं. घर साधं, उंची बेताची, पाय जन्मतः वाकडा. ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला गेला. १९६० साली एडिंबरा महोत्सवात पीटर कुक, ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर यांच्याबरोबर त्याने 'बियाँड द फ्रिंज' केलं. त्यात तो 'कर्नल बोगी' ही लष्करी कवायतीची धून घेतो आणि तिला बेथोव्हनच्या सोनाटाचा थाट देतो. आता संपणार, समेवर येणार असं वाटतं आणि तो पुन्हा निसटतो. शेवट काही होतच नाही! विडंबन म्हणजे टिंगल, असं आपण धरून चालतो. इथे टिंगल नाही. ज्याच्या बोटांत बेथोव्हन मुरलाय, त्यालाच हे जमतं. आणि लक्षात घ्या, विनोद शब्दांत नाहीच, तो थांबण्यात आहे.

हाच कान पुढे बीबीसीच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' मध्ये, म्हणजे १९६५ पासून, कामी आला. कुक म्हणजे उत्स्फूर्त कल्पनांचा धबधबा. त्याला ठेका कोणी धरायचा? मूरने. चित्रसंग्रहालयाच्या प्रसंगात मूर सँडविच खातोय आणि कुक त्याला हसवायच्या मागे लागलाय. मूर हसू दाबतो, दाबतो आणि फुटतो. काहींना ही नटाची कच्ची बाजू वाटते. मला ती मनापासून दिलेली दाद वाटते, मैफलीत तबलजी गवयाला देतो तशी.

याच जोडीचं एक प्रहसन आहे, कुकने लिहिलेलं. एका पायाचा माणूस टारझनच्या भूमिकेसाठी येतो. मूर एका पायावर उड्या मारत राहतो आणि कुक अत्यंत सभ्यपणे त्याला नकार देत राहतो. ज्याच्या स्वतःच्या पायात व्यंग, तो हे करतोय! पण करुणेची भीक कुठेही नाही. उड्यांची लयसुद्धा नेमकी.

मग हॉलिवूड. १९७९च्या 'टेन'मध्ये तो गीतकार-संगीतकाराची भूमिका करतो, म्हणजे पियानो सोबत आहेच. १९८१च्या 'आर्थर'मध्ये तो दारुडा श्रीमंत पोरगा आहे आणि समोर जॉन गिलगुड यांचा नोकर. गिलगुड कोरडं, तोलून बोलतात. मूर त्याभोवती बेताल नाचतो. हा बेतालपणाही मोजून केलेला. मूरला ऑस्करचं नामांकन मिळालं, गिलगुडना ऑस्कर. यात मला मूरचाही वाटा दिसतो.

उणीवही सांगायला हवी. समोर तोडीचा माणूस नसला की मूर उघडा पडतो. मग तो जास्त हसतो, जास्त गोड होतो. १९८५चा 'सांताक्लॉज' बघा, त्याचा खेळकरपणा नुसता हवेत राहतो. तेव्हा दोष द्यायचाच तर चार क्षेत्रांत फिरण्याला देऊ नका, एकट्याने पेलण्याच्या हट्टाला द्या.

पुढे मेंदूच्या एका दुर्मिळ आजाराने हालचालींवरचा ताबा गेला, पियानोही सुटला. २००२ साली तो वारला.

घरी गेल्यावर कुक-मूरचा एखादा प्रसंग लावा. बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा. खरा मूर तिथे सापडेल.